पुरावा अपुरा आहे, मामा

उचगावात एखाद्याचं काय दुखतंय हे नीट कळायच्या आत त्यावरचा उपाय त्याच्या दारात पोचलेला असतो. मागं गुडघ्यानं जरा त्रास दिला म्हणून कट्ट्यावर बसताना हात टेकला, तर तेवढ्यावरून एकानं निरगुडीचा पाला बांधायला सांगितला, दुसऱ्यानं गांधीनगरातल्या कुणा कापडवाल्याच्या मेहुण्याला गुण आलेलं तेल सुचवलं आणि तिसऱ्यानं मिरजेच्या डॉक्टरांचा पत्ता दिला, तोही ‘माझं नाव सांगा’ या जोडीसकट. तिघांकडंही पुरावा होता. एकाचा चुलता, एकाला ऐकून माहीत असलेला मेहुणा आणि एक स्वतः. माणशी एक पुरावा या हिशेबानं आमचं गाव पिढ्यान्‌पिढ्या नीट चाललंय. त्यात माझा भाचा राहायला आला.

भाचा मुळात दातांचा डॉक्टर. सार्वजनिक आरोग्याकडं वळणाऱ्यांत ही मंडळी बरीच असतात म्हणे. यानंही दात सोडले आणि कागद धरले. पुढं शिकला, बाहेरच्या एका संस्थेचं काम लागलं आणि ते घरी बसूनच करायचं असल्यामुळं गडहिंग्लज सोडून तो आमच्या माडीवर आला. इथून विद्यापीठ जवळ, उजळाईवाडीचं विमानतळ जवळ, ही त्यानं दिलेली कारणं. मामीच्या हातचं जेवण त्याहून जवळ आहे, हे त्यानं दिलं नाही.

कट्ट्यावर चौकशी झालीच.

“पोरगं काय करतंय?”

“संशोधन.”

“कशावर?”

“दुसऱ्यांच्या संशोधनावर.”

“म्हंजे पेशंट तपासत न्हाई?”

“नाही.”

“औषध काढतंय?”

“नाही.”

मग मी मला समजलं होतं तेवढं सांगितलं. एखाद्या उपचारावर जगात जेवढ्या म्हणून चाचण्या झाल्या असतील तेवढ्या सगळ्या हुडकायच्या, त्यांतल्या कामाच्या निवडायच्या, प्रत्येकीची खोट काढायची आणि शेवटी सगळ्यांचं मिळून म्हणणं काय ते सांगायचं. याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. कट्ट्याला हे पटलं. खोट काढणं हे काम आहे हे आमच्याकडं कुणालाही पटतं.

“आणि शेवटी काय सांगतंय?”

इथं मला खरं बोलावं लागलं. “बऱ्याच वेळा असं सांगतो, की नक्की सांगता येत नाही.”

कट्टा गप्प झाला. मग एकजण हळूच म्हणाला, “आणि ह्याचं पैसं देत्यात?”

मलाही ती शंका होतीच. म्हणून एकदा सर्दीनं त्याचं नाक चोंदलेलं असताना मी त्याला साधा प्रश्न टाकला, “पांढऱ्या रश्श्यानं सर्दी मोकळी होते का रे? तुझ्या शास्त्रात काय आहे?”

“कुणाची सर्दी?”

“कुणाची म्हणजे? माणसाची.”

“लहान पोरांची का मोठ्यांची? ॲलर्जीची का विषाणूची? किती दिवसांची?” एवढं विचारून तो थांबेल असं वाटलं होतं. “आणि रस्सा किती? वाटीभर का तांब्याभर?”

“ते ज्याच्या त्याच्यावर आहे.”

“मग मोजायचं कसं? बरं, कशाच्या तुलनेत?”

“तुलनेत म्हणजे?”

“रस्सा न प्यालेल्या माणसांच्या तुलनेत.”

अशी माणसं कुठून आणायची हा विचार करत मी बसलो. तोवर त्याचा चौथा प्रश्न आला, “सर्दी गेली म्हणजे नेमकं काय झालं? नाक वाहायचं थांबलं का माणूस कामावर गेला?”

कुणाला, काय दिलं, कशाच्या तुलनेत आणि मोजलं काय, या चार गोष्टी ठरल्याशिवाय ही मंडळी कामाला हातच लावत नाहीत. नुसतं ठरवून भागत नाही, जाहीर नोंदही करावी लागते. विलायतेत यॉर्कच्या विद्यापीठात २०११ पासून त्यासाठी ‘प्रॉस्पेरो’ नावाची नोंदवही आहे. पुढं निकाल मनासारखा दिसेना म्हणून प्रश्नच बदलला, असं कुणी करू नये म्हणून ही तजवीज. मतमोजणी झाल्यावर ‘आपण पहिल्यापासून त्यांच्याच बाजूला हुतो’ असं सांगत गुलाल लावून घेणाऱ्या गावाला ही कल्पना जरा परकी वाटते.

आणि खरी चाचणी करायची तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या सर्दीवाल्यांना रस्सा द्यायचा, निम्म्यांना नाही. वर कुणाला काय दिलंय हे पिणाऱ्याला कळता कामा नये. कोल्हापूरच्या माणसाला पांढरा रस्सा म्हणून दुसरं काही पाजून त्याला ते कळू न देणं म्हणजे काय खायचं काम आहे? आणि ज्यांच्या चिठ्ठीत ‘नाही’ निघेल ते दुपारच्या आत शेजारच्या घरात बसून दोन वाट्या लावून आलेले असतील. यालाही त्यांच्याकडं नाव आहे आणि त्यावर लेख आहेत.

“एक रिव्ह्यू करायला वेळ किती लागतो?” मी विचारलं.

२०१७ साली कुणीतरी तेही मोजून काढलंय. सरासरी ६७ आठवडे. तोवर सर्दी चार वेळा येऊन गेलेली असते.

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “मी करून देतो रे रस्सा. पी आणि बघ.” भाचा प्याला. नाकही मोकळं झालं. तरी म्हणाला, “एका माणसावरून काही सांगता येत नाही, मामी. पुरावा अपुरा आहे.” हिनं दुसरी वाटी दिली.

हुडकायचं कामच जास्त, असं तो सांगतो. ते कसं चालतं हे दाखवायला त्यानं संगणकावर ‘उचगाव’ असं टाकलं. निम्मं निघालं ते बेळगावचं. तिकडं मळेकरणी देवीचं उचगाव आहे. आमचं करवीर तालुक्यातलं. मी म्हटलं, “ते काढून टाक.” तर म्हणाला, “आधी सगळं गोळा करायचं, मग कारण लिहून काढायचं. सुरुवातीलाच काढलं तर त्यात आपलं काही राहून जातं.” सीमाभागाच्या प्रश्नावर इतकी समजूतदार भूमिका मी प्रथमच ऐकली.

अशी हजारो शीर्षकं तो चाळतो. त्यांतली बहुतेक बाद होतात आणि का बाद झाली याचा चौकटी-चौकटींचा नकाशा शेवटी छापावा लागतो. ही चाळणी दोघांनी स्वतंत्रपणे करायची असते, एकमेकांना न विचारता. मतभेद झाला तर तिसरा. उचगावात दोन माणसांनी एकमेकांना न विचारता मत बनवल्याचं मला तरी आठवत नाही. आमच्यात आधी तिसऱ्याला विचारतात.

त्याच्या लॅपटॉपच्या पाठीवर एक चित्र चिकटवलेलं आहे. वर्तुळ, मधे एक उभी रेघ, तिला छेदणाऱ्या आडव्या रेघा आणि खाली एक चौकट. हिला ते पत्त्यांच्या क्लबाचं चिन्ह वाटलं होतं. ते ‘कॉक्रेन’चं बोधचिन्ह निघालं. आर्ची कॉक्रेन हा स्कॉटलंडचा डॉक्टर, बोलायला आमच्या कट्ट्यावर शोभेल असा. १९७२ साली त्यानं पुस्तक लिहून डॉक्टरांना विचारलं, की तुम्ही जे उपचार करता त्यांचा उपयोग होतो हे तुम्हाला कशावरून माहीत? पुढं १९७९ साली सगळ्या शाखांत पुराव्याच्या बाबतीत शेवटचा नंबर म्हणून बाळंतपणाच्या डॉक्टरांना त्यानं ‘लाकडी चमचा’ बहाल केला. चमचा लागला. त्या शाखेतल्या लोकांनी ऑक्सफर्डच्या इयन चामर्स यांच्या पुढाकारानं जगभरच्या चाचण्या गोळा करायला घेतल्या, ते काम बघून कॉक्रेननं चमचा परत घेतला, आणि १९८८ साली तो गेल्यावर पाच वर्षांनी त्याच्या नावाची संस्था उभी राहिली. या संस्थेचं ग्रंथालय २००७ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं पैसे भरून अख्ख्या देशाला खुलं करून दिलं. फुकट मिळूनही ज्याला गर्दी झाली नाही अशी ही भारतातली दुर्मीळ गोष्ट.

बोधचिन्हातल्या रेघा मात्र मी त्याला पुन्हा समजावून सांगायला लावल्या. दिवस भरायच्या आत बाळंत होण्याची भीती असलेल्या बाईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, असं न्यूझीलंडमधल्या एका चाचणीत दिसलं. तीही १९७२ सालीच छापून आली. मग इतरांनी चाचण्या केल्या. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक चाचणी. रेघ उभ्या रेघेला शिवली, की अर्थ ‘नक्की सांगता येत नाही’. सुट्या सुट्या बघितल्या तर बहुतेक रेघा शिवतात. सगळ्या एकत्र केल्या, की जी चौकट तयार होते ती उभ्या रेघेच्या डावीकडं, मोकळी. म्हणजे कच्च्या बाळांच्या मरणाची शक्यता ३० ते ५० टक्क्यांनी कमी. ही बेरीज पद्धतशीर मांडून छापून यायला १९८९ साल उजाडलं. आकडे त्याच्या आधीच वेगवेगळ्या कपाटांत पडून होते. मधल्या वर्षांत जन्मलेल्या पोरांचं काय झालं, हे भाचा बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

“म्हणजे मिटलं की मग,” मी म्हटलं.

“कुठलं मिटतंय? बेळगावकडं काय झालं ते ऐका.”

सहा देशांत, त्यात भारतातल्या बेळगाव आणि नागपूरच्या भागांत, तेच इंजेक्शन गावपातळीपर्यंत न्यायचा मोठा प्रयोग झाला. निकाल २०१४च्या अखेरीस आला. सगळ्यात लहान बाळांना फायदा दिसला नाही, आणि एकूण नवजात बाळांचे मृत्यू थोडे वाढलेच. ज्या बोधचिन्हावर संस्था उभी, तेच उलटं पडलेलं. मग पुन्हा डोकी खाजवणं आलं. खेड्यात दिवस नेमके किती गेलेत हे ठाऊक नसतं, त्यामुळं गरज नसलेल्या पुष्कळ बायकांना सुई टोचली गेली, असं एक कारण पुढं आलं. मग २०२० साली भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया, नायजेरिया इथल्या रुग्णालयांत सोनोग्राफीनं दिवस मोजून, बाळाची काळजी घ्यायची सोय बघून परत चाचणी केली. तिथं बाळं वाचली. फायदा इतका स्पष्ट, की चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवली.

तेव्हापासून ‘अवलंबून आहे’ या त्याच्या उत्तरावर मी पूर्वीइतका चिडत नाही. घरात भाजी काय करू या प्रश्नालाही तो तेच उत्तर देतो, तेव्हा ही चिडते.

आणि सगळंच अधांतरी राहतं असंही नाही. गडचिरोलीच्या बंग डॉक्टर दांपत्यानं गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली. ३९ गावांत हे केलं, ४७ गावं तुलनेला ठेवली, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मी अभिमानानं म्हटलं, “बघ, आपल्या महाराष्ट्रातलं.” भाचा म्हणतो, “एक अभ्यास म्हणजे एक अभ्यास, मामा. आपला असला तरी.” पुढं इतर ठिकाणीही तसे प्रयोग झाले, त्यांची बेरीज झाली, २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं घरभेटींची शिफारस केली आणि २०११ पासून आपल्याकडं ते आशाताईंचं काम झालं. आता आमच्या गल्लीत पाळणा हलला, की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी काटा आणि थर्मामीटर घेऊन हजर. त्यांना ती चौकट-बिकट ठाऊक नाही. बाळाच्या टाळूला तेल किती चोपडायचं यावरून बाळाच्या आजीशी वाद कसा मिटवायचा, यावर मात्र त्यांचा अनुभव कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा मोठा असावा.

या मंडळींना विनोद वर्ज्य आहे असं समजू नका. उजळाईवाडीवरून विमान उडालं, की भाचा मान वर करून हसतो. २००३ साली दोघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पॅराशूटवर रीतसर रिव्ह्यू छापला. उंचावरून उडी मारणाऱ्याला पॅराशूटचा उपयोग होतो का? निष्कर्ष, एकही चिठ्ठी टाकून केलेली चाचणी सापडली नाही. २०१८ साली अमेरिकेत ती चाचणीही झाली. २३ माणसं विमानातून उडी मारायला तयार झाली, काहींना पॅराशूट, काहींना रिकामी पिशवी. दोन्हींत काडीचा फरक नाही. विमान जमिनीवर उभं होतं, हे लेखात जरा पुढं लिहिलंय. “म्हणून पूर्ण वाचावं लागतं,” भाचा म्हणतो.

पूर्ण वाचायला आता माणसं पुरत नाहीत ही गोष्ट वेगळी. २०१० सालीच हिशेब निघाला होता, की रोज ७५ चाचण्या आणि ११ रिव्ह्यू छापले जातात. २०१६ साली योआनिदिस नावाच्या गृहस्थांनी लिहिलं, की यांतले बरेचसे रिव्ह्यू फालतू आणि फसवे आहेत. आता रिव्ह्यूंचेही रिव्ह्यू निघतात. कट्ट्यावर हे सांगितल्यावर एकजण म्हणाला, “आमच्या सोसायटीत बी ऑडिटरचं ऑडिट लावलंतं. काय झालं न्हाई.”

तर असा हा मुलगा तिशी ओलांडून गेला आणि ताईनं, म्हणजे त्याच्या आईनं, स्थळं बघायला घेतली. इथं त्याची विद्या पहिल्यांदा घरात कामाला आली, फक्त त्याच्या हातून नव्हे. आमच्या हिनं वर्षभर त्याच्या खोलीत चहा नेऊन देताना सगळं ऐकलं होतं. तिनं वही घातली. आलेला प्रत्येक बायोडेटा तिनं आणि ताईनं वेगवेगळा वाचायचा, फोनवर बोलायचं नाही, आणि मत जुळलं नाही तर गडहिंग्लजच्या आजींकडं पाठवायचं. बाद करायचं कारण लिहायचं. ‘गाव लांब.’ ‘शिक्षण जास्त.’ ‘मुलीचे वडील फार बोलतात.’ ‘मध्यस्थ मुलीचा चुलता आहे, हितसंबंध.’ हा शेवटचा शेरा बघून भाचा चाट पडला. लोकांच्या छापील लेखांतही इतका प्रामाणिकपणा नसतो म्हणाला.

“सगळेच बायोडेटा चांगले कसे?” ताईनं वैतागून विचारलं.

“वाईट असेल ते छापतच नाहीत, आई. आमच्यातही तसंच आहे. ज्या चाचणीत औषध फसलं ती कपाटात राहते. त्यामुळं औषध होतं त्यापेक्षा चांगलं दिसतं.”

ताईनं पुढचा बायोडेटा उचलला. ‘मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष.’ तो तिनं जरा उजेडाकडं धरून पाहिला.

पत्रिकेवरून मात्र जुंपली. छत्तीस गुण पाहिल्याशिवाय ताई ऐकेना आणि भाच्यानं नारळीकर काढले. जयंत नारळीकर जन्मानं कोल्हापूरचे, १९३८चे. २००८ साली पुण्यात त्यांनी नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींबरोबर ज्योतिषाची परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका गोळा केल्या, त्यांतल्या चाळीस-चाळीस ज्योतिषांकडं दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवलेल्या २७ जणांची सरासरी ४६ टक्के आली. नाणं उडवून पन्नास आली असती. या नारळीकरांचे एक मामा म्हणजे संख्याशास्त्रज्ञ वसंत हुजूरबाजार, तेही जन्मानं कोल्हापूरचे. केंब्रिजला शिकून आले, १९५३ साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग काढला, १९७४ साली पद्मभूषण झाले. भाच्यानं हे सांगताना माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून मामांच्या बाबतीत आपलं नशीब सरासरीच्या खालचं आहे असं त्याला वाटत असावं. मी पतसंस्थेत रोखपाल होतो. माझीही बेरीज कधी चुकली नाही, पण त्यासाठी पद्म देत नाहीत.

ताई म्हणाली, “शेहेचाळीस का असंना, काहीतरी आलंय न्हवं?” पत्रिका बघितली गेली.

शेवटी एक स्थळ दोन्ही वाचकांच्या चाळणीतून खाली उतरलं. मुलगी इचलकरंजीची, सूतगिरणीच्या हिशेबाचं बघणारी. आम्ही गेलो. कांदेपोहे झाले, दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. जिन्यात कान देऊन उभ्या असलेल्या आमच्या हिनं नंतर अहवाल दिला. मुलीनं सरळ विचारलं, “लग्न करून माणूस सुखी होतो का, तुमच्या अभ्यासाप्रमाणे?” दुसऱ्या कुणी ‘होतो की’ म्हणून विषय संपवला असता. यानं सांगितलं, की याच्यात चिठ्ठ्या टाकता येत नाहीत, त्यामुळं नुसती निरीक्षणं आहेत. शिवाय मुळात आनंदी माणसंच लग्न करतात का लग्नानं आनंदी होतात हे वेगळं काढणं अवघड. एकूण खात्री कमी दर्जाची.

परत येताना गाडीत ताई एक शब्द बोलली नाही. तावडे हॉटेलपाशी गाडी वळली तेव्हा एवढंच म्हणाली, “दातच बघत बसला असतास तर बरं झालं असतं.”

आठवड्यानं मुलीकडून निरोप आला. नकार नव्हता, होकारही नव्हता. एका भेटीत काही ठरवता येत नाही, अजून दोन-तीनदा भेटायला हवं, असं मुलीचं म्हणणं. ताईनं कपाळाला हात लावला. भाचा मात्र चार जिने चढून आल्यासारखा लाल झाला होता. “बरोबर आहे तिचं,” म्हणाला, “नमुना फारच लहान होता.”

येत्या रविवारी रंकाळ्यावर भेटायचं ठरलंय. तिच्याबरोबर तिची मावसबहीण येणार आहे आणि आमच्याकडून मी. आम्ही दोघांनी लांबच्या बाकावर बसायचं, एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही, आणि काय दिसलं ते संध्याकाळी स्वतंत्रपणे हिला फोन करून सांगायचं. मत जुळलं नाही तर आजी आहेतच.